फुकट भांडण, विकत लढत

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या धंद्यात जाहिरात कोठे संपते आणि माल कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे. दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर फुकट दिसणारा कुस्तीचा कार्यक्रम हीच पुढे येणाऱ्या मोठ्या लढतीची जाहिरात असते आणि ती मोठी लढत पाहायची तर प्रेक्षकाला निराळे पैसे मोजावे लागतात, अशी या धंद्याची घडण साधारण १९८५ पासून २०१४ पर्यंत होती. एखादा कार्यक्रम तेवढ्यापुरते दाम देऊन घरच्या संचावर पाहण्याच्या या पद्धतीला 'पे-पर-व्ह्यू' म्हणतात. मुष्टियुद्धानेही तिचा भरपूर उपयोग केला, परंतु आपला नावाजलेला खेळाडू भलत्याच वेळी हरेल की काय ही धास्ती मुष्टियुद्धाच्या आयोजकाला कायम असते. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे ती उरत नाही. आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे तेव्हाच्या 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'ने, १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, अशी कबुलीच दिली होती, आणि तीही सरकारी क्रीडा-नियंत्रणाचा ससेमिरा चुकावा म्हणून. निकाल हाती असलेल्या आयोजकाला लढतीहूनही मोलाची एक गोष्ट आखता येते, ती म्हणजे त्या लढतीची ओढ. आणि पे-पर-व्ह्यूच्या तीस वर्षांत त्या ओढीची किंमत किती डॉलर, हे त्याला कार्यक्रमागणिक कळत असे.

दूरचित्रवाणीचा असा उपयोग पे-पर-व्ह्यूच्या आधीपासूनचा आहे. १९८० पर्यंत अमेरिका आणि कॅनडा कुस्तीपुरते लहानमोठ्या इलाख्यांत वाटलेले होते, प्रत्येक इलाख्याचा एक आयोजक असे, आणि त्याची कमाई गावोगावच्या सभागृहांत खपणाऱ्या तिकिटांवर चाले. त्यामुळे स्थानिक वाहिनीवरच्या त्याच्या कार्यक्रमात नामवंत मल्ल सहसा एकमेकांशी भिडत नसत. नावाजलेला मल्ल एखाद्या अनोळखी गड्याला दोन-तीन मिनिटांत लोळवी, आणि मग ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून आपल्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याला आव्हान देई. या भाषणाला 'प्रोमो' म्हणतात. एकाच दिवशी एकामागून एक असे अनेक प्रोमो ध्वनिचित्रमुद्रित केले जात, प्रत्येकात गावाचे नाव, तारीख आणि सभागृह तेवढे बदलत असे, आणि ज्या त्या गावच्या वाहिनीला तिचा तिचा तुकडा जोडून दिला जाई. खरी झुंज पाहायची तर तिकीट काढा, हा त्या सगळ्या आरडाओरड्याचा मथितार्थ होता.

सभागृहाच्या भिंतींपलीकडे तिकीट विकण्याची पहिली सोय 'क्लोज्ड-सर्किट' प्रक्षेपणाने झाली. एका ठिकाणी चाललेली लढत तारेने किंवा उपग्रहाने दुसऱ्या शहरांतील चित्रपटगृहांत पोचवायची आणि तेथल्या पडद्यापुढील खुर्च्या विकायच्या, असा तो प्रकार होता. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी यांच्यात झालेला सामना अमेरिकेत असाच विकला गेला, आणि इनोकीने जवळजवळ सगळा वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारल्यामुळे पैसे देऊन बसलेल्या प्रेक्षकांच्या पदरी निराशाच पडली. १९८३ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला, २४ नोव्हेंबर रोजी, जिम क्रॉकेट यांच्या संस्थेने नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे 'स्टारकेड' भरवले आणि रिक फ्लेअर विरुद्ध हार्ली रेस ही विजेतेपदाची लढत दक्षिणेकडील अनेक शहरांतील पडद्यांवर दाखवली. 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'च्या व्हिन्स मॅकमहन यांनी ३१ मार्च १९८५ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'रेसलमेनिया' भरवताना हीच कल्पना उचलली, मात्र तिच्याभोवती त्यांनी कुस्तीबाहेरची माणसे जमा केली. गायिका सिंडी लॉपर, अभिनेता मिस्टर टी, पियानोवादक लिबराची आणि स्वतः अली अशी ती मंडळी होती. आदल्या वर्षापासून एमटीव्ही वाहिनीवर कुस्तीचे खास कार्यक्रम झाले होते, आणि आदल्याच रात्री हल्क होगन व मिस्टर टी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाचे यजमान म्हणून देशभर दिसले होते. त्या रविवारी दहा लाखांहून अधिक लोकांनी ठिकठिकाणच्या पडद्यांवर रेसलमेनिया पाहिले.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला याच कंपनीने 'द रेसलिंग क्लासिक' ही स्पर्धा थेट घरांत विकली. यासाठी लागणारे तंत्र नुकतेच जमू लागले होते. केबलचालक कार्यक्रमाचा संदेश मुद्दाम विस्कटून पाठवी, ग्राहकाने दूरध्वनी करून मागणी नोंदवली की त्याच्या घरच्या खोक्याला तो उलगडण्याची परवानगी देई, आणि रक्कम महिन्याच्या बिलात लावी. मिळालेल्या पैशांपैकी साधारण निम्मा वाटा केबलचालकाचा, काही भाग मधल्या वितरक कंपनीचा, आणि उरलेला आयोजकाचा. खप मोजण्यासाठी 'बाय-रेट' हे माप रूढ झाले: ज्या घरांत मागणी नोंदवण्याची सोय आहे अशा दर शंभर घरांपैकी किती घरांनी कार्यक्रम घेतला, तो आकडा. एक कोटी घरांत सोय असेल आणि त्यांतील एक लाख घरांनी कार्यक्रम घेतला तर बाय-रेट एक. सोय असलेली घरे दरसाल वाढत असल्याने आरंभीच्या वर्षांतील बाय-रेट डोळे दिपवणारे दिसतात, पण त्यामागची घरांची संख्या लहानच होती. जुन्या आणि नव्या कार्यक्रमांची तुलना करताना हा भेद विसरला तर निष्कर्ष हमखास चुकतो.

विक्रीच्या या कलेचा आदर्श नमुना म्हणून आजही १९८७ चे तिसरे रेसलमेनिया दाखवले जाते. ते तसे का आहे हे समजायचे तर लढतीपेक्षा तिच्या आधीचे दोन-अडीच महिने पाहावे लागतात. विजेता होगन आणि फ्रान्सचा अवाढव्य मल्ल आंद्रे हे दोघेही प्रेक्षकांचे लाडके नायक होते आणि पडद्यावर एकमेकांचे मित्र होते. १९८७ च्या आरंभी रॉडी पायपर याच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात होगनला, तीन वर्षे विजेता राहिल्याबद्दल, एक भलामोठा चषक देण्यात आला. त्यानंतर पंधरा वर्षे अपराजित राहिल्याबद्दल आंद्रेचा सत्कार झाला, पण त्याला दिलेला चषक होगनच्या चषकापेक्षा ठळकपणे लहान होता. आंद्रेचे कौतुक करायला होगन मध्येच आला, कौतुक करता करता सगळे बोलणे स्वतःकडेच ओढत राहिला, आणि आंद्रे काही न बोलता निघून गेला. पुढच्या एका भागात तो परतला तेव्हा त्याच्यासोबत बॉबी हीनन हा खलनायकी व्यवस्थापक होता. आंद्रेने विजेतेपदासाठी आव्हान दिले, होगन गयावया करू लागला, तेव्हा त्याने होगनचा सदरा टरकावला, आणि त्याबरोबर गळ्यातला क्रूसही तुटला. होगनच्या छातीवर रक्त आले आहे असे पायपरने दाखवून दिले. एवढ्या भांडवलावर, म्हणजे दोन चषकांच्या उंचीतला फरक आणि एक तुटलेली साखळी यांच्यावर, अमेरिकेतील लाखो कुटुंबांना आंद्रे व होगन २९ मार्चला समोरासमोर येताना पाहणे अगत्याचे वाटू लागले.

या कथेतील दोन्ही मुख्य दावे खोटे होते. आंद्रे पंधरा वर्षांत हरलाच नाही असे सांगितले गेले, पण अवघ्या काही महिन्यांपूर्वी, जून १९८६ मध्ये, जपानमधील नागोया येथे इनोकीने त्याला शरण आणले होते. आंद्रेला आजवर कोणी उचलून आपटले नाही असेही सांगितले गेले, पण स्वतः होगननेच १९८० मध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर ते केले होते. आंतरजाल नसलेल्या त्या काळात असे पुसून टाकणे सोपे होते. शिवाय आंद्रेच्या पाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली होती आणि तो पोशाखाखाली आधारपट्टा बांधून उतरला. लढत म्हणून पाहिले तर ती संथ आणि किरकोळच होती, आणि त्या दिवशीची सर्वांत देखणी कुस्ती रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांच्यात झाली यावर जाणकारांचे बहुतांशी एकमत आहे. पण ग्राहकाने पैसे मोजले ते होगनने आंद्रेला उचललेल्या त्या एका क्षणासाठी. मिशिगनमधील पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये ९३,१७३ लोक होते असे कंपनीने जाहीर केले, अभ्यासक हा आकडा फुगवलेला मानतात. घरांतून सुमारे चार लाख मागण्या नोंदवल्या गेल्या, आणि हा आकडा महत्त्वाचा, कारण त्याने पुढची वाट ठरवली.

घरोघरी विक्री होऊ लागताच केबलचालक हा या धंद्यातला खरा दरवान झाला, आणि मॅकमहन यांनी त्याची मानगूट पकडायला वेळ लावला नाही. क्रॉकेट यांनी १९८७ चे स्टारकेड प्रथमच पे-पर-व्ह्यूवर विकायचे ठरवले, नेहमीप्रमाणे थँक्सगिव्हिंगला. मॅकमहन यांनी त्याच दिवशी 'सर्व्हायव्हर सिरीज' हा नवा कार्यक्रम लावला आणि केबलचालकांना कळवले की जो क्रॉकेटचा कार्यक्रम दाखवील त्याला पुढच्या वर्षीचे रेसलमेनिया मिळणार नाही. तिसऱ्या रेसलमेनियाची कमाई ताजी होती. क्रॉकेट यांच्याकडे बोटांवर मोजण्याइतके केबलचालक उरले. दोन महिन्यांनी, २४ जानेवारी १९८८ रोजी, क्रॉकेट यांच्या दुसऱ्या पे-पर-व्ह्यूच्या रात्रीच मॅकमहन यांनी 'रॉयल रंबल' यूएसए वाहिनीवर फुकट दाखवले. क्रॉकेट यांनी फेड केली ती २७ मार्चला: चौथे रेसलमेनिया चालू असताना त्यांनी टीबीएस वाहिनीवर 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स' फुकट दाखवले, त्यात फ्लेअर आणि तरुण स्टिंग ४५ मिनिटे लढून बरोबरीत सुटले, आणि स्टिंग त्या एका रात्रीत तारा झाला. परंतु तारा निर्माण झाला म्हणून तिजोरी भरतेच असे नाही. १९८८ संपण्याआधी क्रॉकेट यांना संस्था टेड टर्नर यांना विकावी लागली, आणि तिचे पुढे 'डब्ल्यूसीडब्ल्यू' झाले. कलेत सरस आणि व्यवहारात नरम असलेल्या मंडळीचे काय होते याचे याहून ठसठशीत उदाहरण या धंद्याच्या इतिहासात सापडणार नाही.

वर्षाला चार मोठे कार्यक्रम हा क्रम काही वर्षे टिकला. मे १९९५ मध्ये 'इन युअर हाउस' नावाने १४ डॉलर ९५ सेंट अशा कमी किमतीची मालिका सुरू झाली (पहिल्या कार्यक्रमात फ्लोरिडातील एक घर बक्षीस म्हणून दिले गेले) आणि लवकरच दर महिन्याला एक पे-पर-व्ह्यू हा रिवाज पडला. त्याबरोबर कथानकाची लयही बदलली. मराठी वाहिन्या रविवारच्या 'महाएपिसोड'साठी आठवडाभर प्रेक्षकाला झुलवत ठेवतात, तोच हा प्रकार, फक्त येथे महाएपिसोडचे निराळे पैसे द्यायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वैर पेरायचे, दुसऱ्या-तिसऱ्यात वाढवायचे, आणि पे-पर-व्ह्यूच्या लगेच आधीच्या भागात, ज्याला या धंद्यात 'गो-होम शो' म्हणतात, शेवटचा धक्का द्यायचा, ही कामगिरी 'बुकर' नावाचा माणूस करतो. गो-होम भागात खलनायक वरचढ ठरून नायक आडवा पडलेला दाखवणे हा जुना ठोकताळा आहे, कारण मार खाल्लेल्या नायकाची परतफेड पाहायला माणूस पैसे देतो. ज्याने सोमवारच्या फुकट भागातच सूड उगवला त्याला रविवारच्या पे-पर-व्ह्यूत कोण विकत घेणार?

हे संयमाचे गणित डब्ल्यूसीडब्ल्यूने एकदा अप्रतिम सोडवले आणि लगेच विसरून टाकले. १९९६ च्या जुलैमध्ये, तोवर डब्ल्यूसीडब्ल्यूत आलेला होगन खलनायक झाला आणि 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' या टोळीचा म्होरक्या बनला. तिला विरोध करणारा स्टिंग चेहऱ्यावर पांढरा-काळा रंग फासून, काळा लांब कोट घालून सभागृहाच्या छतालगतच्या तुळयांवर उभा राहू लागला. वर्षाहून अधिक काळ त्याने कुस्ती खेळली नाही आणि तो जवळजवळ बोललाही नाही. कधी तरी दोरावरून खाली उतरे, हातातल्या बेसबॉलच्या दांडक्याने टोळीला झोडपे आणि निघून जाई. होगनशी त्याची प्रत्यक्ष गाठ २८ डिसेंबर १९९७ च्या स्टारकेडमध्ये घातली गेली, आणि तो डब्ल्यूसीडब्ल्यूचा सर्वाधिक खपलेला कार्यक्रम ठरला. शेवट मात्र गोंधळाचा केला गेला. सहा-सात महिन्यांनी, ६ जुलै १९९८ रोजी, त्याच कंपनीने होगन विरुद्ध अपराजित बिल गोल्डबर्ग ही लढत अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, नेहमीच्या सोमवारच्या कार्यक्रमात, सर्वांना फुकट दाखवली. तेव्हा दोन कंपन्यांच्या सोमवार रात्रीच्या कार्यक्रमांत प्रेक्षकसंख्येचे युद्ध पेटले होते, आणि ती एक रात्र डब्ल्यूसीडब्ल्यूने जिंकली. परंतु काही महिने पिकवून लाखो घरांना विकता आली असती अशी वर्षातील एकमेव लढत त्यासाठी खर्ची पडली. मार्च २००१ मध्ये ही कंपनी मॅकमहन यांनीच विकत घेतली. त्या पतनाची कारणे अनेक आहेत, पण फुकट काय द्यायचे आणि विकायचे काय याचा विसर पडणे हे त्यांतले मोठे कारण होते.

मॅकमहन यांनी या काळात बाहेरच्या प्रसिद्धीचा मार्ग पुन्हा चोखाळला. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याचा कान चावल्यामुळे परवाना गमावलेल्या माइक टायसनला त्यांनी जानेवारी १९९८ मध्ये आपला मल्ल स्टीव्ह ऑस्टिन याच्यासमोर उभे केले; त्यांच्यातील धक्काबुक्की बातम्यांतून देशभर दिसली, आणि त्या वर्षीच्या रेसलमेनियाने कंपनीला मंदीतून वर काढले. २००७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प आणि मॅकमहन यांनी आपापला मल्ल निवडला व हरणाऱ्याने भर रिंगणात डोके भादरून घ्यायचे ठरवले. त्या वर्षीच्या रेसलमेनियाचा खप सुमारे बारा लाखांवर गेला, आणि डोके मॅकमहन यांचे भादरले गेले. याउलट केवळ चार महिने आधी, डिसेंबर २००६ मध्ये, याच कंपनीच्या 'डिसेंबर टू डिस्मेंबर' या कार्यक्रमासाठी दोनच लढती आगाऊ जाहीर झाल्या होत्या आणि खप जेमतेम ९०,००० च्या घरात राहिला. नाममुद्रा प्रसिद्ध असली तरी अमुक का पाहायचे हे सांगितल्यावाचून ग्राहक हात सैल सोडत नाही, हे या दोन आकड्यांत उघड दिसते. २०१२ मध्ये जॉन सीना आणि रॉक यांची लढत तब्बल वर्षभर आधी जाहीर करून, 'आयुष्यात एकदाच' अशी हाळी देऊन विकली गेली आणि तीही बारा लाखांच्या वर खपली. पुढच्याच वर्षी तेच दोघे पुन्हा लढले.

विक्रीची ही यंत्रणा किती निष्ठुर होऊ शकते हे २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत दिसले. 'ओव्हर द एज' या पे-पर-व्ह्यूत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने रिंगणात उतरणार होता. त्याला अडकवलेली कडी अकाली सुटली आणि तो खाली कोसळला. त्या क्षणी घरच्या प्रेक्षकांना आधीच मुद्रित केलेली चित्रफीत दाखवली जात होती, त्यामुळे पडणे त्यांना दिसले नाही. समालोचक जिम रॉस यांना मात्र हे कथानकाचा भाग नाही असे वारंवार सांगावे लागले, कारण बनाव हाच ज्याचा पाया त्या खेळात खऱ्याची खात्री पटवणे अवघड असते. काही वेळाने हार्ट मरण पावल्याचे रॉस यांनी घरच्या प्रेक्षकांना सांगितले. सभागृहातील प्रेक्षकांना ते सांगितले गेले नाही, आणि उरलेल्या लढती ठरल्याप्रमाणे पार पडल्या. विकलेला कार्यक्रम पुरा करायचा, या हिशेबापुढे दुसरा कोणताही विचार त्या रात्री टिकला नाही. कंपनीने त्या निर्णयाचे समर्थन केले. ते पटण्याजोगे नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या पे-पर-व्ह्यूचा अंतही मॅकमहन यांच्याच हातून झाला. एका कार्यक्रमाची किंमत ४५ डॉलरच्या पुढे आणि रेसलमेनियाची ६० डॉलरच्या आसपास पोचली होती, आणि आंतरजालावर चोरून पाहणाऱ्यांचे प्रमाण वाढत होते. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी 'डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क' ही आंतरजालावरची सेवा सुरू झाली, तिची वर्गणी महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट होती, आणि त्यात रेसलमेनियासकट सगळे आले. केबलचालकाचा निम्मा वाटा त्यामुळे एका फटक्यात सुटला, पण महिन्याला ग्राहकाकडून येणारी रक्कमही खूपच घसरली. एप्रिलमधील तिसाव्या रेसलमेनियानंतर ६,६७,२८७ वर्गणीदार झाल्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात कंपनीच्या समभागाची किंमत एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळली. पुढे कंपनीने फुटकळ ग्राहकापेक्षा घाऊक गिऱ्हाईक बरे असे ठरवले: २०२१ मध्ये अमेरिकेतील हक्क 'पीकॉक' या आंतरजालावरच्या सेवेला आणि २०२५ मध्ये मोठ्या कार्यक्रमांचे हक्क ईएसपीएनला दिले गेले. भारतातील प्रेक्षकाला या स्थित्यंतराची झळ फारशी लागली नाही, कारण अमेरिकेत रविवारी रात्री विकले जाणारे कार्यक्रम येथे सोमवारी पहाटे नेहमीच्या केबल-भाड्यात टेन स्पोर्ट्ससारख्या वाहिनीवर दिसत असत. 'आजच आपल्या केबलचालकाला फोन करा' हे आवाहन त्याने शेकडो वेळा ऐकले, पण फोन करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर आहेत.

वर्गणीच्या पद्धतीने प्रेक्षकाचा खर्च कमी केला, पण कथानकाची शिस्त ढिली केली. एखादा कार्यक्रम फसला तरी वर्गणी त्याच महिन्यात कोणी बंद करत नाही, त्यामुळे कोणत्या मल्लाने गिऱ्हाईक आणले आणि कोणाने घालवले याचा निवाडा देणारा आकडाच नाहीसा झाला. मल्लांना खपाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बक्षिसीचा हिशेबही धूसर झाला. डब्ल्यूडब्ल्यूईने २०२२ पासून पे-पर-व्ह्यू हा शब्द टाकून 'प्रीमियम लाइव्ह इव्हेंट' असे नाव घेतले. आज डब्ल्यूडब्ल्यूई ज्या उद्योगसमूहात आहे त्यातलीच मिश्र युद्धकलांची यूएफसी ही संस्था १९९३ पासून पे-पर-व्ह्यूवर उभी होती. तिनेही २०२५ मध्ये पॅरामाउंटशी करार करून २०२६ पासून अमेरिकेत ही पद्धत सोडण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये स्थापन झालेली 'ऑल एलिट रेसलिंग' मात्र आपले मोठे कार्यक्रम अमेरिकेत २०२५ मध्येही सुमारे ५० डॉलरला एक याप्रमाणे सुटे विकत होती, आणि सात वर्षांच्या विजनवासानंतर परतलेल्या सीएम पंक या मल्लाच्या पहिल्या लढतीचा तिचा सप्टेंबर २०२१ मधील कार्यक्रम दोन लाखांच्या वर खपला होता.